दादारावचे एंटर

दादाराव, तुझ्या शोकसभेतून मी मध्येच उठून आलो. अध्यक्षांनी तुला 'वंचितांचा बुलंद आवाज' म्हटलं तेव्हा नुसता चुळबुळलो. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा चपला शोधायला लागलो. तुझा आवाज मला माहीत आहे. तो बसका होता, आणि गेली दोन वर्षं मुख्यतः मला नावं ठेवायच्या कामी यायचा. बुलंद काही असेलच तर तुझ्या टाइपरायटरचा खडखडाट. पण मेलेल्या माणसाला फेटा बांधायची आपल्याकडं घाई असते, आणि डोक्याचं माप घ्यायला त्या मंचावर कुणालाच सवड नव्हती.

जो भेटतो तो म्हणतो, अजून थोडे दिवस राहिले असते तर विद्यापीठाचं नाव बदललेलं पाहून गेले असते. मी मान हलवतो. घरी आलो की मला तुझाच राग येतो. ते थोडे दिवस तुला मिळण्यासारखे होते. नांदेडला जाऊन छाती दाखव म्हणून मी तुझ्या मागं लागलो होतो. तू दरवेळी छातीवरून हात फिरवायचास आणि म्हणायचास, "ॲसिडिटी हाय रे. कँटीनची भजी." भज्यांनी माणूस ऑफिसच्या खुर्चीत, मशीनमध्ये अर्धा कागद चढवलेला असताना मरत नाही. "पुस्तक होऊ दे, मग जातो" हे तुझं शेवटचं उत्तर. पुस्तक झालेलं नाही. तू गेलास. आणि पुस्तक माझ्या गळ्यात.

शांतावहिनी आल्या होत्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत तुझ्या फ्लॉप्या. माझ्या टायपिंगच्या दुकानात त्या बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भावजी, हे म्हणायचे, पुस्तक पंडितच करंल. दुसऱ्याच्या हातात देऊ नका." मी म्हटलं, करतो. त्या गेल्यावर पहिली फ्लॉपी लावली, आणि वहिनी रस्ता ओलांडून गेल्यात याची खात्री करून तुला एक शिवी दिली.

प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर. सगळ्या फायलींत, सगळ्या ओळींना.

परक्या माणसाला हे दुःख समजावून सांगणं अवघड आहे. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते, मग हातानं गाडा मागं ओढून नवी ओळ सुरू करावी लागते. काँप्युटरवर तसं नाही. ओळ भरली की शब्द आपणहून खालच्या ओळीत जातो. एंटर मारायचा तो परिच्छेद संपल्यावर. मधेच मारला तर ती ओळ तिथं कायमची तुटते, आणि पान लहान-मोठं केलं की तुटलेले तुकडे उघडे पडतात. नांदेडच्या प्रकाशकाला लहान पान हवं आहे. त्या मापात तुझा मजकूर टाकला तर एक लांब ओळ, खाली एकटा शब्द, पुन्हा लांब ओळ, खाली पुन्हा एकटा शब्द. दात पडलेल्या म्हाताऱ्यानं फुटाणे खावेत तसं.

तुला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"दादाराव, एंटर मारू नकोस. ते आपोआप खाली जातं."

"आपोआप? मग मी कामून आलोय?"

"टाइप करायला."

"पंडित, वीस वर्षं पाटबंधाऱ्यात टाइप करायलोय. घंटी वाजली की हात जातोच. तुझं मशीन मुकं हाय म्हणून काय झालं, माझ्या डोक्यात वाजतीय ना."

"डोक्यातली घंटी बंद कर."

"तू आधी तुझ्या तोंडातली कर."

आणि मारलास एंटर. माझ्याकडं बघत मारलास.

मी त्या वेळी हसलो, कारण तुझ्याशी भांडायची हौस मला होती आणि तुझे उपकारही होते. स्टेशन रोडला मी हे काँप्युटर टायपिंगचं दुकान टाकलं तेव्हा लोक काचेतून बघून पुढं जायचे. पहिलं गिऱ्हाईक तू आणलंस. एका पुढाऱ्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका. निमंत्रकांची नावं, प्रत्येकाच्या मागं बिरुदांची शेपूट. छापील प्रत बघायला पुढाऱ्याचा माणूस आला आणि पेटला. 'मा. ना. श्री.' एका ओळीच्या टोकाला राहिले होते आणि साहेब पुढच्या ओळीत उतरले होते. तू त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलंस आणि गंभीरपणे म्हणालास, "साहेबांचं पद वर लटकलंय आणि साहेब खाली पडलेत. निवडणूक जवळ आली का?" तो माणूस गेल्यावर आपण दोघं टेबलावर डोकं ठेवून हसलो. मग मी तुला ती जागा दाखवली, दोन शब्दांमध्ये टाकायची, जी ओळीच्या शेवटी तुटत नाही. बिरूद आणि नाव एकत्रच खाली जातात. तू ते चटकन शिकलास. तिथं तुझी घंटी आडवी आली नाही. मानाच्या लोकांचं न तुटणं तुला लगेच जमलं, आणि एंटर न मारणं जमलं नाही, असं मी म्हटलं होतं. तू म्हणालास, "लिहून ठेव. तुझ्या शोकसभेत सांगतो."

ती संधी तू मला दिलीस. हाही एक राग.

आता पुस्तकाबद्दल. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि आपल्या जिल्ह्यात दलित वस्त्या जळाल्या. ज्यांची घरं जळाली त्यांच्याकडं तू जायचास. रविवारी, छोटा टाइपरायटर सायकलच्या कॅरिअरला बांधून. टेपरेकॉर्डर घेऊन जा म्हटलं तर म्हणालास, टेप समोर ठेवला की माणसं भाषण करायला लागतात. टाइपरायटरपुढं कुणी भाषण करत नाही. लोकांना वाटतं, हा आपला अर्ज लिहायलाय. अंगणात घमेलं उलटं ठेवायचं, त्यावर पाट, पाटावर मशीन. "तुमी बोला. माझ्याकडं बघू नका." आणि ते बोलतील तसं तू बडवायचास. तुझा वेग बोलण्याच्या बरोबरीनं धावायचा, याचा तुला इतका गर्व होता की तो ऐकून घ्यायला मी चहा मागवायचो.

मी एकदाच विचारलं होतं, त्या वर्षी तू कुठं होतास. "परभणीत. ड्यूटीवर," म्हणालास आणि रिबन बदलायला घेतलीस. रिबन नवीच होती.

तर ते कागद तू संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन काँप्युटरवर उतरवायचास, ओळीला ओळ. तुझे सगळेच एंटर घंटीचे नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. काही ओळी मध्येच संपायच्या. दोन शब्द, तीन शब्द, आणि एंटर. मला वाटलं, कंटाळा. एकदा तुला दाखवायला म्हणून एका फायलीची नक्कल घेतली आणि तुझ्यासमोर साफ करून दाखवली. जिथं दोन एंटर लागोपाठ आहेत तो परिच्छेदाचा शेवट. तिथं आधी फुल्या घालायच्या. मग उरलेले सगळे एंटर काढून प्रत्येकाच्या जागी एक मोकळी जागा. मग फुल्यांच्या जागी परत एंटर. चहा यायच्या आत मजकूर सरळ. मला वाटलं, तू पाठीवर थाप मारशील.

तू उभा राहिलास. "हे काय केलंस?"

"नक्कल आहे. मूळ तसंच आहे."

"सगळी माणसं एकसारखी केलीस."

"ओळी एकसारख्या केल्या."

"ही बाई इथं थांबली व्हती. इथं. तिनं दम घेतला. जिथं बोलणारा थांबला तिथं मी थांबलोय. तुझ्या मशीनला ते कचरा वाटतंय?"

तिथून आपला वाद सुरू झाला, आणि तो संपलेला नाही. माझं म्हणणं असं होतं, आणि आहे, की छापल्यावर त्या आखूड ओळी कवितेसारख्या दिसतात. वाचणारा मान डोलावतो. घर जळाल्याची हकीकत ऐकून वाचकानं मान डोलावावी, यासारखी वाईट गोष्ट नाही. आपल्या सभांमधून दुःखाला चाल लावून म्हणणारे काय कमी आहेत? "तुला साक्ष हवी का शायरी?" असं मी विचारलं. तू म्हणालास, "तुमच्या पुस्तकांत माणूस दम घेतच न्हाई. एका दमात शंभर पानं. म्हणून खरा माणूस थांबला की तुमाला ती चूक वाटती." 'तुमच्या' आणि 'तुमाला'. एरवी मला तू म्हणायचास. त्या दिवशी 'तुमी' म्हणजे मी एकटा नव्हतो, हे मला कळलं. मला ते लागलं होतं आणि ते साफ खोटंही नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

शेवटच्या संध्याकाळीही तेच. तू खुर्चीत, एक हात छातीवर, दुसरा हात माझ्या तोंडापुढं नाचवत. "श्वास, पंडित, श्वास! बोलणाऱ्याचा श्वास हाय तो. त्याला हात लावायचा हक्क तुला न्हाई, मला बी न्हाई." मी म्हटलं, "आधी स्वतःचा श्वास डॉक्टरला दाखव." तू हसलास. सायकल काढलीस. आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसचा शिपाई दुकानात आला.

आता मला सांग, मी काय करायचं होतं? घंटीचे एंटर काढायचे आणि माणसांचे ठेवायचे. बोलायला सोपं. ओळ पूर्ण भरून संपली असेल तर ती घंटी. दोन शब्दांत संपली असेल तर तो माणूस. पण मधल्या ओळींचं काय? पाऊण ओळ झाली आणि एंटर. पुढचा शब्द लांब होता, मावत नव्हता म्हणून, की कुणाचा गळा दाटला म्हणून? कुठं खूण नाही, कुठं टीप नाही. तुझे मूळ कागद वहिनींनी आणून दिले, तेही असेच. सगळं तुझ्या डोक्यात. ते डोकं तू बरोबर घेऊन गेलास. असा बेजबाबदार माणूस पाटबंधारे खात्यानं वीस वर्षं ठेवून घेतला कसा, हे मला कळत नाही.

शेवटी मी गेलो. तुझाच नियम, ज्याचा श्वास त्याला विचारायचं. साक्ष देणाऱ्यांतल्या एक गयाबाई, त्यांचं निवेदन छापून घेतलं आणि झरीची बस धरली. स्टँडवर बंदोबस्त होता, नावाचा निर्णय होऊन फार दिवस झाले नव्हते. पोलिसानं हातातली गुंडाळी उलगडून पाहिली. "काय हाय हे?" म्हटलं, एका बाईचं बोलणं. त्यानं दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "कविता का?" दादाराव, तू तिथं असायला हवा होतास.

झरीपासून पुढं चालत गेलो. गयाबाई सरपणाला कापसाच्या वाळक्या पळाट्या मोडत बसल्या होत्या. तुझं नाव सांगितलं तर हातातलं टाकून उठल्या. "मशीनवाले साहेब? कशानं गेले?" सांगितलं. "एवढ्याशा वयात?" म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. मी घमेलं शोधत होतो, हे बाहेर आल्यावर त्यांनी ओळखलं. "तितंच बसायचे. मला म्हन्ले, माज्याकडं बघू नका. म्या म्हन्लं, बघू नको तर मग सांगू कुनाला?"

मी वाचायला सुरुवात केली. जिथं तू एंटर मारलास तिथं मी थांबायचो आणि विचारायचो, इथं तुम्ही थांबला होता का? पहिल्यांदा त्यांना हा प्रश्न कळेना. मग कळला, तेव्हा त्या हसल्या. "मास्तर, तुमी लय बारीक बघायलाव." मग सांगू लागल्या. इथं थांबले, खोकला आला. इथं न्हाई. इथं न्हाई. इथं कोंबडी आली व्हती पाटावर, साहेबांनी हाकलली. दादाराव, एका एंटरचं कारण कोंबडी आहे. तुझ्या श्वासाच्या सिद्धांताला मी तिथंच नमस्कार केला, आणि तुला हे ऐकवता येणार नाही म्हणून पुन्हा चिडलो.

मग ती जागा आली. सासूला चालता येत नव्हतं. बाहेर आरडाओरडा जवळ आला होता. तुझ्या कागदावर असं आहे:

ती म्हन्ली तू पोरं घेऊन नीघ
मी हाय हितं
घर राखायला

मी 'हितं'वर थांबलो. "इथं थांबला होता?"

"न्हाई."

"आठवून बघा. ओळ अर्धीच आहे."

"आटवायचं काय त्यात? मी हाय हितं घर राखायला. आसंच म्हन्ली ती, आसंच म्या सांगितलं, एका दमात. थांबले ते तुमचे साहेब."

मला कळलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"मशीनचा आवाज बंद झाला. म्या म्हन्लं, साहेब, माजं व्हायचंय आजून, तुमी कामून थांबलाव? तर म्हन्ले, मशीन अडकलं. खाली बघून काईतरी खुडखुड केली. लय येळ केली. मंग म्हन्ले, बोला, घर राखायला."

"आणि पुढं?"

"पुढं म्या सांगितलं. आमी आलो तर घर न्हवतं, ती बी न्हवती." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. वाचता येत नाही त्यांना, पण आखूड ओळ दिसते. "हे आसं तोडून नगा छापू. मानसं म्हनतील, बाई बोलता बोलता रडली. रडायचं ते म्या उसात बसून रडले, पोरांची तोंडं दाबून. सांगताना न्हाई रडले. सलग छापा माजं."

तुझं मशीन कधी अडकत नव्हतं. रविवारी सकाळी निघण्याआधी तू त्याला तेल द्यायचास, आणि ते मला सोमवारी सांगायचास.

परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी इतका भांडलो की शेजारचा माणूस सरकून बसला. अरे, दोन वर्षं तू मला श्वासाचं तत्त्वज्ञान शिकवलंस. 'तुमी' म्हणालास. त्याला हात लावायचा हक्क तुला नाही, मला नाही. आणि स्वतः काय केलंस? तुझा हात थांबला, तुझ्याच्यानं पुढं लिहवेना, आणि ते थांबणं तू त्या बाईच्या तोंडी घातलंस. जी थांबली नव्हती, जिनं न थांबता सांगितलं हाच जिचा मान, तिला तू तिच्याच निवेदनात अडखळायला लावलंस. आणि माझ्यापाशी त्याचं तत्त्व केलंस! इतक्या लोकांच्या साक्षी घेतल्यास. त्यात तुझी का नाही? 'मी हाय हितं' ऐकून तुला कोण आठवलं? मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कधी सांगितलं न्हाई. मला वाटायचं, तुमाला सांगत असतील." दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून तू ओळ कुठं तोडावी यावर भांडलास, आणि ही एक गोष्ट तुला सांगता आली नाही. सांगताच आली नाही, की माझ्यासारख्याला सांगायची नव्हती? हे आता मी कुणाला विचारू? आणि तू तसं ठरवलं असशील तर तुला खोडून काढायला माझ्याकडं काय आहे?

वाद मी जिंकलो, दादाराव. असा जिंकलो की कुणाला सांगायची सोय नाही.

गयाबाईंचं निवेदन मी काल दुरुस्त केलं. फुल्यांची युक्ती वापरली नाही. एकेक ओळ, एकेक एंटर, हातानं. खोकल्याचा ठेवला, त्यांनीच ठेवा म्हटलं. कोंबडीचा काढला. मग 'हितं'पाशी आलो. त्या पानावर तुझं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि ते मला काढायचं होतं, कारण बोलणं तुझं नव्हतं. मोहही झाला. कोण बघतंय? गयाबाईंना वाचता येत नाही. एवढं एक राहू दे दोस्ताचं. पण मग तुझ्यात आणि तुला बुलंद आवाज म्हणणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? बटण दाबलं. खालची ओळ वर आली आणि जोडली गेली. ओळ कुठं जोडली ते आता शोधूनही सापडणार नाही. हे यंत्र तेवढं बरोबर करतं.

असंच आता पेडगावला, पूर्णेला, सगळीकडं जायचं आहे. प्रत्येकाला विचारायचं आहे, इथं कोण थांबलं होतं. आणि जिथं जिथं ते म्हणतील की मशीनवाले साहेब, तिथं तिथं मी तुला पुसून टाकणार आहे. तुझ्या पुस्तकातून. हे काम तू माझ्यावर टाकून गेलास, आणि लोक मला म्हणतात, तुमच्या मित्राच्या आत्म्याला शांती लाभो. न लाभो. मला लाभेपर्यंत तर मुळीच नको.

सकाळी छापील प्रत काढली आणि चुका बघायला म्हणून मोठ्यानं वाचत होतो. शांतावहिनी समोर बसून ऐकत होत्या. मजकूर सरळ होता, शब्दाला शब्द लागून, गयाबाईंना हवा तसा. 'मी हाय हितं'पर्यंत आलो, आणि पुढं 'घर राखायला' आहे हे समोर दिसत असून मला ते वाचता येईना. वहिनी वाट बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेलं त्यांनी वाचलं.